कोपरा फाटलेलं कार्ड

दादा काश्मीरच्या लढाईवर होता आणि घरी आम्ही त्याची पत्रं चोरत होतो. दुसरा शब्द मला सापडत नाही. वहिनीला वाचता येत नसे. ती कार्ड माझ्या हातात देई, मी निम्मं वाची आणि निम्मं गिळी.

पहिलं कार्ड आलं तेव्हा ती पाण्याला गेली होती. दादानं लष्करी दवाखान्यातून सरळ लिहिलं होतं : बर्फानं पाय सडला, उजव्या पायाची तीन बोटं कापली, ताप हटत नाही. माग चालवता येईल का विचारलं तर डॉक्टर म्हणाला, माग म्हणजे काय? आणि शेवटी : असा पाय घेऊन परत आलो तर चालेल का, तिला विचारून कळव.

बाबा म्हणाले, "तिले काहून सांगतं गा? थे रडत बसंन, मंग सुताच्या कांड्या कोण भरंन?"

झालं. वहिनीला मी वाचून दाखवलं : दादा मजेत आहे, सगळ्यांना नमस्कार. प्रत्येक कार्डाला हेच.

"एवढंच? कार्ड तं भरून आहे."

"अक्षर मोठं आहे त्याचं."

उत्तरंही मीच लिही, तिच्या नावानं : इकडे सर्व खुशाल. तो प्रत्येक कार्डात तोच प्रश्न विचारी, मी प्रत्येक वेळी तेच खुशाल धाडी. आणि त्याच हातांनी इतवारीच्या बाजारात पत्रकं वाटत फिरे. जखमी जवानांची खरी हालत जनतेला सांगा, ही आमच्या संघटनेची मागणी. मजकूर माझाच होता. सरकार लपवतं म्हणून माझं डोकं तापायचं. घरी मी काय करत होतो, याची लाज त्या तीन महिन्यांत एकदाही वाटली नाही.

मग एका कार्डात दादानं लिहिलं, व्हरांड्यात झोपवतात, घोंगडी एकच. मी पेटलो. वरच्या अधिकाऱ्याला अर्ज करायचा ठरवला. दादाचा नंबर आणि दवाखान्याचा पत्ता कार्डाच्या कोपऱ्यात होता. सभेची वेळ झालेली. कोपरा फाडला, खिशात टाकला, कार्ड कोनाड्यात ठेवलं आणि पळालो.

आमच्या आळीत मौतीच्या कार्डाचा कोपरा फाडून धाडतात, न वाचता येणाऱ्यालाही हातात घेताच कळावं म्हणून. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी असल्या चाली मानत नव्हतो, एवढंच.

संध्याकाळी आलो तर कांड्या भरायचा रहाट बंद. वहिनी भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे.

"किती दिस झाले, भाऊजी?"

"काहाचे?"

तिनं कार्डाची फाटकी बाजू पुढं केली.

मी घाईघाईनं खिशातला तुकडा काढून जोडला. "हे पहा, मीच फाडला. दादा जित्ता आहे, वहिनी. ऐका, वाचतो."

"तुमी वाचूच नका. तीन महिने झाले, तुमी एकच कार्ड वाचून राहिले."

सगळी कार्डं पदरात घेऊन ती निघाली. "थांब वं," बाबा ओरडले. थांबली नाही. दोन गल्ल्यांपलीकडे पोस्टमन राहायचा. त्यानं ओट्यावर बसून एकेक कार्ड अथपासून इतिपर्यंत वाचलं. मी नालीपाशी उभा. बोटांचं आलं तेव्हा तिनं विचारलं, "कोन्त्या पायाची म्हणता?"

"उजव्या."

आणि तो प्रश्न. तोही त्यानं वाचला. प्रत्येक कार्डातला.

ती रडेल म्हणून बाबांनी लपवलं होतं. ती घरी आली आणि दादाच्या मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात उतरली. मागावर ती कधी बसली नव्हती. उजवा पाय मुडपून एकट्या डाव्या पायानं एकदा ही पावडी दाबली, एकदा ती. सुताचा धोटा अडकला. सोडवला. परत दाबली. बाबा आणि मी दोघे धडधाकट पायांवर उभे राहून पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन दारात आला, तेव्हा तिनं त्यालाच कोरं कार्ड दिलं. "लिहा. एका पायानं माग चालते. हळू चालते, पण चालते. मी चालवून पाह्यला. या."

"घरच्यांचे नमस्कार टाकू?" त्यानं विचारलं.

"सासऱ्याचा तेवढा टाका," ती म्हणाली.

मी आतून ऐकत होतो.