लाईन

आमच्या मुरुडच्या लाईनमनचा सगळा कारभार ‘लाईन’ या एका शब्दावर चालतो. वीज म्हणजे लाईन, तार म्हणजे लाईन, रेशनची रांगही लाईन. पोरीला डॉक्टरकीच्या लाईनला लावायचंय आणि तंबाखू सोडलेला माणूस म्हणजे लाईनवर आलेला. खांबावर चढण्याआधी मात्र तो गप्प असतो. डीपीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतले, तिन्ही फ्यूज काढून पिशवीत घालतो आणि पिशवी खांद्याला अडकवूनच वर जातो.

मागच्या उन्हाळ्यात पिशवी फाटली, म्हणून त्याने फ्यूज डीपीच्या पेटीवरच ठेवले. माझ्या गिरणीवर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तो उतरला असेल असं धरून मी फ्यूज बसवला. मोठा आवाज झाला. तारांना वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची साखळी लावलेली होती, म्हणून तो वाचला. खाली येऊन त्याने माझ्याकडे पाहिलं. माझं नाव त्याने कुणालाच सांगितलं नाही. मीही नाही.

परवा लाईन गेली. त्याने फ्यूज काढले आणि माझ्याच हातात दिले.

“मालक, धरा. मी खाली आल्याबिगर कुणाला द्यायचे न्हाईत.”

“मी?”

“तुमच्याइतकं कोण जपंल आता?”

तासभर मी उन्हात उभा राहिलो. लोक जमले.

“भाऊ, बसवा की! त्यो कवाच उतरला असंल,” म्हणत एकाने हात पुढे केला.

“न्हाई,” मी म्हणालो, आणि लाईनमनचे दोन्ही पाय जमिनीवर दिसेपर्यंत फ्यूज छातीशी धरून ठेवले.