कुंकू लावून घेतलेला फोन

आधीच सांगते, अक्षर वाईट आहे. शाळेत बाई विचारायच्या, तुझ्या वहीवर कोंबडी नाचली काय गं? चौथीनंतर शाळा सुटली, पेन सुटलं आणि हातात परात आली. तव्याच्या चटक्यांनी उजव्या हाताची दोन बोटं आता नीट वाकत नाहीत, म्हणून ओळी खाली घसरतात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करावं. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, तरी माफी मागून ठेवते. मला ती सवयच आहे. दुकानात सुट्टे मागतानाही मी आधी "राग मानू नका" म्हणते.

मी भाकरी करून देते. मंगळवार पेठेतल्या एका बोळात आमच्या दोन खोल्या आहेत. एका खानावळीला रोजच्या चाळीस जातात. कोणाचं जावळ निघालं, कोणाकडे जत्रेचं जेवण असलं की शंभर-दोनशे. सगळा धंदा फोनवर चालतो. खानावळीच्या बाई सकाळी दहाच्या आत फोन करून सांगतात, आज चाळीस, आज पन्नास, आज एकादशी आहे, नकोत. फोन लागला नाही तर त्या वाट बघत बसत नाहीत. दोन गल्ल्यांत भाकरी करणाऱ्या आणखी तिघी आहेत, आणि त्यांचे फोन लागतात.

माझ्याकडे बटणांचा फोन होता. पीठ बसून त्याचं पाचाचं बटण मेलं होतं, बाकी तब्येत ठणठणीत. पण गिऱ्हाईक म्हणू लागलं, मावशी, पत्ता फोनवर पाठवू काय, पैसे फोनवर घेता काय. घरचे म्हणाले, "जग कुठं गेलं आणि तू अजून बटणं दाबत बसलीस." तांदळाच्या डब्यात साठवलेले बारा हजार काढले आणि दसऱ्याला आम्ही राजारामपुरीत फोन घ्यायला गेलो. बारा हजार म्हणजे माझी वर्षभराची भाकरी. ती एवढीशी काळी फरशी होऊन हातात आली.

दुकानाला फुगे लावले होते. मालक तिशीचा, मिशीला पीळ, बोटात तीन अंगठ्या. म्हणाला, "मावशी, आमच्याकडं नुसता फोन देत न्हाय. पूजा करून देतो. नादखुळा रिवाज हाय आपला." स्टीलच्या वाटीत पाणी घालून कुंकू कालवून ठेवलं होतं. त्यानं माझ्या जुन्या फोनातलं सिमकार्ड काढून नव्याच्या कप्प्यात ठेवलं. कप्पा अजून अर्धा बाहेर होता, तेवढ्यात अंगठा वाटीत बुडवून वरून कुंकू लावलं. लावलं म्हणजे काय, नवरीच्या कपाळाला लावत नाहीत एवढं. मग तोच कप्पा त्याच ओल्या बोटानं आत ढकलला. मी हात जोडले. लक्ष्मी घरी येते म्हटल्यावर कोण बोलणार?

पूजा चालू असतानाच नोकरानं फोटो काढला. "मावशी, हसा की!" मी पदर तोंडावर घेतला. तोवर झालं होतं. जुन्या फोनाचं काय करायचं, विचारलं, तर मालक म्हणाला, "ते डबडं कशाला न्हेताय? ऱ्हाऊ दे हितंच, आठवण म्हणून." आणि खणात टाकलं. काच आणि कव्हर यांचे आणखी चारशे घेतले. चार दिवसांनी आमच्या ह्यांच्या कारखान्यातला एकजण सांगत आला, वहिनींचा फोटो दुकानाच्या भिंतीवर आहे. चाळीसेक गिऱ्हाइकांचे फोटो प्लास्टिक चढवून चिकटवले आहेत आणि वर लिहिलंय, 'आमचा सुखी परिवार'. मी त्या परिवारात कधी गेले, मलाच कळलं नाही. लाजेनं मी तो रस्ताच सोडला.

पण सुखी परिवाराच्या सुनेला रेंज मिळेना.

घरात आणला तेव्हापासून फोनवर रेंजची एक काडी दिसायची, तीही मेणबत्तीसारखी थरथरत. खिडकीत ठेवला, नाही. धान्याच्या डब्यावर ठेवला, नाही. देवळीत ठेवून बघितला, देवालाही जमलं नाही. बोळाच्या तोंडाशी तालमीचा कट्टा आहे, तिथे गेलं की दोन काड्या यायच्या. म्हणजे मला बोलायचं तर कट्ट्यावर जाऊन बोलायचं, जिथे सकाळपासून पंधरा बाप्ये पाय पसरून बसलेले असतात. हळू बोलले तर पलीकडच्या बाईंना ऐकू जात नाही. मोठ्यानं बोलले तर सगळ्या तालमीला जातं.

"काय वैनी, आज किती?"

"पन्नास म्हणत्याली. मी ऐकलं."

"पन्नास न्हाय रं, चाळीस. एकादशी झाली की वाढवतील. व्हय ना वैनी?"

माझ्या धंद्याचा हिशेब माझ्यापेक्षा कट्ट्याला जास्त पाठ झाला. मी खाली मान घालून परत यायची आणि तोवर तवा जळालेला असायचा.

आणि हे फोन लागला तर. बहुतेक वेळा लागायचाच नाही. दिवाळीआधी दोन जावळं गेली, साडेतीनशे भाकरी. खानावळीच्या बाईंनी चार दिवस दुसरीकडून घेतल्या. मी भेटायला गेले तर त्या गल्ल्यावरूनच ओरडल्या, "तुझा फोन मला रोज सांगतोय तू क्षेत्राच्या बाहेर हायीस. मला भाकरी मंगळवार पेठेतनं पायजे, क्षेत्राच्या बाहेरनं नगं."

मी म्हटलं, रोज सकाळी चालत येऊन विचारून जाईन.

"आणि ऐनवेळी दहा वाढल्या तर? मी काय गच्चीवर चढून हाक मारू? शनिवारपतूर फोन नीट कर. न्हायतर मी रोजचं दुसरीला लावते. राग नगं मानू."

राग नको मानू, हे माझं वाक्य. ते माझ्यावरच आलं.

मग मान खाली घालून दुकानात गेले. भिंतीकडे बघितलंच नाही. मालकानं फोन हातात घेतला आणि गिऱ्हाइकांना दिसेल असा उंच धरला. "बघा, चार काड्या! फुल रेंज!" दुकानाच्याच गच्चीवर टॉवर उभा आहे. तिथे पाटा-वरवंट्यालाही रेंज येईल. मी तसं बोलले नाही, मनात म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, फोनात कायबी न्हाय. तुमचं घर दाबात हाय. वर पत्रा हाय काय?"

"हाय."

"मग? पत्रा रेंज खातो."

घरी येऊन सांगितलं तर आमच्या ह्यांना आनंदच झाला. "मी म्हणत हुतो, पत्रा बदलायला पायजे." अकरा वर्षं तो पत्रा माझ्या अंथरुणावर गळतोय, तेव्हा तो चांगला होता. दुकानदारानं दोष काढल्यावर एका दिवसात वाईट झाला.

आमच्या वरच्या खोलीत एक नर्सबाई भाड्यानं राहतात. आजऱ्याकडच्या. त्या बोलल्या की पेशंट भिऊन बरा होत असणार. ड्यूटीवरून आल्या, माझा चेहरा बघितला आणि स्वतःचा फोन घेऊन माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. त्याच कंपनीचं कार्ड, तोच पत्रा, तीच चूल. त्यांच्या फोनावर चार काड्या, माझ्यावर एक. मग कार्डं अदलाबदल केली. माझं कार्ड त्यांच्या फोनात गेल्याबरोबर चार काड्या, त्यांचं माझ्यात आलं तर एक. मग मला वर नेलं. त्यांच्या खोलीत वायफायचा डबा आहे. त्याच्या शेजारी फोन ठेवला तरी माझ्या फोनाला त्याचं नावसुद्धा दिसेना.

"काकी, घर चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पत्रा निर्दोष. तुमचा फोन जन्मताच भैरा हाय. जावा आणि तोंडावर फेका त्याच्या."

फेकायला कुठलं? मी परत गेले आणि हळूच काउंटरवर ठेवला. त्यानं दुरुस्तीच्या सेंटरला पाठवला. तीन दिवस रोज सकाळी मी चालत खानावळीत जाऊन आकडा विचारून आले. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, दुकानात गेले. मालकानं फोन माझ्या पुढ्यात सरकवला.

"पाणी गेलंय आत. कार्डाच्या कप्प्यापाशी पट्टी असती, ती लाल झालीया. वॉरंटी संपली."

मी म्हटलं, पाणी कुठून जाईल? मी फोन पिशवीत घालून खिळ्याला टांगून ठेवते. ओला हात लावत नाही.

"मावशी," तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला, "भाकरीवाल्यांचं आसंच आसतं. हात पिठात, पीठ पाण्यात, आन् फोन कानाला. त्याला कंपनी काय करणार?"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. बाहेर आल्यावर मात्र बसमध्ये न बसता घरापर्यंत चालत आले, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि ते पाणी कुठल्या पट्टीला लागलेलं मला कोणाला दाखवायचं नव्हतं.

शनिवारी सकाळी पुन्हा निघाले. ह्यांना म्हटलं, चला की सोबत. म्हणाले, "मला भांडायला नगं न्हिऊ, माझा आवाज चढतो." गेल्या वीस वर्षांत तो माझ्याशिवाय कोणावर चढलेला मी ऐकला नाही. नर्सबाईंची ड्यूटी होती. एकटीच गेले. वाटेत काय बोलायचं ते म्हणत गेले आणि पायरी चढताना सगळं विसरले.

दुकानात गर्दी होती. कुरुंदवाडकडचे एक म्हातारे पागोटं सावरत नव्या फोनाची पूजा करून घेत होते. मालकाचा अंगठा वाटीत. मला बघून म्हणाला, "मावशी, परत?"

त्याच्याकडे बघवेना, गिऱ्हाइकांकडे बघवेना, म्हणून पहिल्यांदाच भिंतीकडे बघितलं. तिथे मी होते. पदर नाकापर्यंत, एक डोळा बाहेर. माझ्या पुढे फोन, त्याचा कप्पा जिभेसारखा बाहेर आलेला, आणि कप्प्यावर तीन अंगठ्यांचा हात. अंगठा लालभडक. कुंकवाचा एक थेंब कप्प्यात उतरतोय, तोही स्पष्ट आला होता. नोकर फोटो फार चांगले काढतो.

मी बोट दाखवून म्हटलं, "तो फोटो काढून द्या."

"का वो, आवडला न्हाय?"

लोक हसले. मी म्हटलं, "लई आवडला. सेंटरला दाखवायचाय. पाणी कुणी घातलंय ते त्यात हाय."

पागोटेवाल्यांनी चष्मा चढवला आणि भिंतीला नाक लावलं. "आयला! पावणं, अंगठा तर तुमचाच हाय की! वाटीबी तुमचीच." मग त्यांनी शेजारचा फोटो बघितला, त्याच्या शेजारचा बघितला. सगळ्या सुखी परिवाराच्या डोक्यावर तोच अंगठा. म्हाताऱ्यांनी काउंटरवरचा आपला फोन झटकन उचलला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. "पूजा नगं मला! आधी ह्यातलं कुंकू काढा!"

मागे कोणीतरी म्हणालं, "माझ्याबी फोनाला रेंज न्हाय गा." आणखी एकजण म्हणाला, "मला तर सांगितलं, तुमच्या खिशात घाम येतोय."

मालकाचा चेहरा त्या वाटीसारखा झाला. "मावशी, आत या की. चहा घ्या."

"चहा नगं." मी नोकराकडून फोटो उतरवून घेतला आणि छातीशी धरला. ज्या फोटोच्या लाजेनं मी रस्ता सोडला होता, तो दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते.

"दुसरा फोन देतो. ह्याच्यापेक्षा भारी."

"फोन नगं. पैशे."

"वापरलाय मावशी. हजार कमी हुतील."

मी काहीच बोलले नाही. मला तेवढंच चांगलं जमतं. कोणी गप्प उभं राहिलं की दुकानदाराला काय करावं ते कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. लोक बघत होते. तो फोटोकडे बघत होता. शेवटी गल्ला उघडला.

"माझा जुना फोन?" मी विचारलं.

खण धुंडाळून त्यानं तो काढला. पाचाच्या बटणात पीठ अजून तसंच. मी तो चार्जिंगला लावायला सांगितला आणि माझं कार्ड त्यात घातलं, कोरड्या हातानं. तो नोटा मोजत होता तेवढ्यात फोन उजळला. पावणेदहा झाले होते. मी खानावळीला फोन लावला. पहिल्याच घंटेला बाई.

"लागला व्हय गं एकदाचा?"

"लागला. आज किती?"

मी मोठ्यानं विचारलं. सगळ्या दुकानात ऐकू गेलं असेल. कट्ट्याची सवय.

"पन्नास. आणि सोमवारी सव्वाशे, जमिनीच्या मोजणीची माणसं जेवायला यायची हायती."

मी पन्नास, सव्वाशे असं पुन्हा म्हणून घेतलं. मालक बारा हजार माझ्यापुढे ठेवून उभा होता. फोन ठेवल्यावर मी नोटांकडे बघितलं आणि फोटो काही सोडला नाही. त्यानं सुस्कारा टाकला, पुन्हा गल्ल्यात हात घातला आणि काच-कव्हराचे चारशे वर ठेवले.