एसीखालची बादली

लातूरचा उन्हाळा, त्यात एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा कुबट वास यायचा. म्हणून मेकॅनिकला बोलावलं. पन्नाशीचा, अबोल माणूस. एसी उघडायच्या आधी तो गॅलरीत गेला. एसीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी तिथं पाईप बादलीच्या तळापर्यंत सोडला होता.

"ताई, टोक पाण्यात बुडालं की पाणी नीट उतरत न्हाई. आत साचतं, बुळबुळीत व्हतं, मग वास मारतो," म्हणत त्यानं पाईप सुतळीनं वर बांधला.

मग एसी उघडून त्यानं धुळीनं भरलेली जाळी काढली. ती धुवायला मी नळ सोडला, तर त्यानं घाईनं बंद केला. बादलीतल्याच पाण्यात जाळी धुतली आणि ते काळं पाणीही संडासासाठी ठेवायला लावलं.

मी हसत म्हटलं, "माझ्याहून तुम्हीच कंजूष!"

तो हसला नाही. जाळी पुसत म्हणाला, "माझी माय टँकरच्या गर्दीत चेंगरून मेली, ताई. उचलली तवा घागर हातातच व्हती. रिकामी."

वास गेला. पूर्वी पाणी बादलीत गुपचूप उतरायचं. आता थेंब वरून पडतो, आणि दुपारी टीव्ही बंद केला की तो आवाज घरभर येतो.