पाटावरचं इंग्रजी

माझे बाबा पेणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. आम्ही राहायला रोह्याला, त्यामुळे त्यांचं रोज एसटीने जाणं-येणं. तास व्याकरणाचा असो की कवितेचा, संपला की ते दारात थांबायचे, वळायचे आणि हात उंचावून म्हणायचे, ‘बी डिटरमाईन्ड!’ मग सगळा वर्ग बाकं बडवून तेच ओरडायचा. निश्चयी व्हा, एवढाच त्याचा अर्थ. पण तो शब्द त्यांना असा चिकटला की पेणमध्ये आडनावाने त्यांना कोणी ओळखेनासं झालं. ‘डिटरमाईन सर’ म्हटलं की रिक्षावालासुद्धा बरोबर शाळेच्या दारात नेऊन सोडायचा.

ज्यांना इंग्रजी नीट येतं ते इथे अडखळले असतील. त्या शब्दाचा खरा उच्चार ‘डिटर्मिन्ड’ असा आहे. बाबांना ते ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी तो शब्द कधी ऐकला नव्हता, फक्त वाचला होता. कोलाडजवळच्या ज्या गावात ते वाढले तिथे भाताबद्दल आणि वालाबद्दल बोलायला कोणाला इंग्रजी लागत नसे. रोह्याच्या वाचनालयातली पुस्तकं आणि मागची पानं गळालेला एक इंग्रजी-मराठी शब्दकोश, एवढ्या भांडवलावर ते शिकले. कोशात अर्थ होते, उच्चार नव्हते. ते त्यांनी आपल्या बुद्धीने लावले. माईन, फाईन, लाईन, म्हणून डिटरमाईन. खरं सांगायचं तर मला अजूनही त्यांचंच बरोबर वाटतं. पुढे घरात टीव्ही आला, इंग्रजी बातम्या आल्या, पण एकदा पक्का बसलेला शब्द कानाला दुसरं काही ऐकू देत नाही.

मी त्यांच्याच हाताखाली शिकले. ते ओटीवर बसून वाचायचे आणि त्यांचं एक पुस्तक वाचून संपलं की ते माझ्याकडे यायचं. जेवायला हाका मारून आई दमायची. शाळेत, कॉलेजात मी इंग्रजीत पहिली यायची ती त्या ओटीच्या जोरावर. आमच्या दोघांच्या इंग्रजीत आवाज असा नव्हताच. आम्ही ते डोळ्यांनी बोलायचो म्हणा ना.

मग मला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. रोह्यात कोणाला सांगायचं बाबांनी शिल्लक ठेवलं नाही. मासळी घेताना सांगितलं, केस कापताना सांगितलं. मी त्यांच्यावर चिडायची आणि मनातून खूषही व्हायची.

तिथे पहिल्याच चर्चेच्या तासाला प्रत्येकाने आपण काय शिकायला आलो ते सांगायचं होतं. मी आदल्या दिवशीच वाक्य घोकून ठेवलं होतं आणि त्यात अर्थातच तो शब्द होता. बाबांचा शब्द घेऊन सुरुवात करायची असं मी ठरवलंच होतं. मी म्हटलं, ‘आय ॲम डिटरमाईन्ड...’ आणि प्राध्यापकबाईंनी मान पुढे करून ‘सॉरी?’ विचारलं. मला वाटलं, आवाज बारीक पडला. मी तोच शब्द आणखी ठणकावून म्हटला. पुन्हा सॉरी. शेवटी शेजारच्या मुलीला उलगडा झाला. ‘ओ, डिटर्मिन्ड!’ ती म्हणाली आणि सगळे हसले. हसण्यात दुष्टपणा नव्हता. मीही हसून मोकळी झाले असते तर विषय तिथेच संपला असता. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि राग आला, तो त्यांचा नाही, बाबांचा.

त्यानंतर मी वर्गात तोंड उघडायचं जवळजवळ बंदच केलं. एखादा शब्द आधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा, मगच आपण वापरायचा, असा नेम केला. घरी फोन केला की बाबा म्हणायचे, ‘जरा इंग्रजीत बोल की, शेजारचे बसलेत.’ मी हट्टाने मराठीतच बोलायची. त्यांना वाटायचं पोरगी आईच्या आठवणीने हळवी झालीय.

शिक्षण संपवून मी परत आले त्याच सुमारास बाबा निवृत्त झाले. पेणमधल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मोठा सत्कार ठरवला. आदल्या दिवशी दुपारी बाबांनी मला ओटीवर बसवलं आणि उत्तराचं भाषण म्हणून दाखवलं. भाषण छान होतं. शेवटी हात उंचावून ते ‘बी डिटरमाईन्ड’ म्हणाले आणि माझ्याकडे बघून मध्येच थांबले.

‘काय झालं?’ त्यांनी मला विचारलं.

‘काही नाही.’

‘मी मास्तर हाय गो. तोंडाकडे बघून कळतं मला. काय चुकलं?’

काही नाही, हेच पुन्हा म्हणायला हवं होतं. पण त्यांनी विचारलं होतं, आणि खोटं बोलायचं नाही हेही त्यांनीच शिकवलं होतं. मी सांगितलं. त्यांना खरं वाटेना. उच्चार दाखवणारा कोश मी बरोबर आणला होता, तो उघडून दिला. ते बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग त्यांनी विचारलं, ‘अजून कुठले?’ इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं माझ्या तोंडातून भराभरा बाहेर पडलं. सबटल नाही, सटल. डेब्रिस नाही, डेब्री. एपिटोम नाही, एपिटमी. चाबकाचे फटके मारावेत तशी मी एकेक शब्द बोलत गेले आणि ते चांगल्या विद्यार्थ्यासारखे माझ्यामागून म्हणत गेले.

शेवटी म्हणाले, ‘मग तू तिकडं तसंच बोललीस?’

‘हो.’

‘हसले?’

‘थोडेसे.’

त्यांनी चष्मा काढला. भाषणाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पेणच्या हॉलमध्ये माणसं मावत नव्हती. कोणी शिक्षक झालेले, कोणी कंपनीतली शिफ्ट बदलून आलेले. शाल झाली, नारळ झाला. बाबा बोलायला उभे राहिले. भाषण शेवटाला आलं तशी मागची माणसं खुर्च्यांच्या पाठी बडवायला सरसावून बसली. बाबांनी हात उचलला नाही. ‘एवढं बोलून थांबतो,’ म्हणाले आणि बसले. लोकांना काही कळेना. मी मान खाली घातली.

तेवढ्यात भेटवस्तू आली. हमरापूरला गणपतीचा कारखाना असलेल्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सगळ्यांच्या वतीने शाडूची मूर्ती घडवली होती. डोक्यावर पांढरे केस आलेला तो माणूस मूर्ती छातीशी धरून स्टेजवर चढला. त्याने वरचं फडकं काढलं. गणपती ज्या पाटावर बसला होता, त्या पाटाच्या पुढच्या कडेवर सोनेरी रंगात सुबक मराठी अक्षरं होती: ‘बी डिटरमाईन्ड’.

इंग्रजी लिपीत लिहिलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. तिथे चूक दिसलीच नसती. मराठीत लिहिलं आणि बाबांचा उच्चार काना-वेलांटीसकट पाटावर येऊन बसला. हॉलमध्ये एकच गजर झाला, ‘बी डिटरमाईन्ड! बी डिटरमाईन्ड!’

बाबा उठून माईकपाशी गेले. ‘थांबा,’ म्हणाले. ‘हे चुकलंय.’

तो मूर्तिकार एकदम घाबरला. त्याला वाटलं, अक्षर लिहिण्यात काही चूक झाली. ‘काय चुकलं, सर? वेलांटी ऱ्हस्व पायजे होती काय?’ भर स्टेजवर, कान धरलेल्या पोरासारखा तो विचारत होता. ‘तुम्ही शिकवलंत तसंच लिवलंय मी.’

‘तुझं नाय चुकलं रे,’ बाबा म्हणाले. ‘माझं चुकलं.’ आणि त्यांनी सगळ्यांना खरा उच्चार सांगितला. दोनदा म्हणून दाखवला. ‘आता माझ्यामागून म्हणा.’

कोणी म्हणालं नाही. काही जणांना ती सरांची गंमत वाटली आणि ते हसले. मग कोणीतरी टाळी वाजवली, पाठोपाठ सगळ्यांनी वाजवली. त्या टाळ्या संपेपर्यंत बाबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. सगळ्या हॉलमध्ये तो खरा उच्चार त्यांना कोणी शिकवला हे एका मलाच माहीत होतं.

मूर्तिकार आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आला. ‘सर, मूर्ती ठेवून जा. अक्षरं बदलून उद्या घरी आणून देतो,’ तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. बाबांनी दिली नाही.

रोह्याच्या एसटीत ते खिडकीशी बसले. मूर्ती मांडीवर, तिच्याभोवती सत्काराची शाल, आणि अंगठा पाटाच्या कडेवर, अक्षरांवर. त्यांचे ओठ हलत होते. डिटर्मिन्ड, डिटर्मिन्ड. नागोठणं मागे पडलं तरी ते चालूच होतं. मधूनच माझ्याकडे बघायचे, बरोबर येतंय ना म्हणून, आणि मी मान हलवायची.

गाडी खिंडीत आली तेव्हा ते थांबले.

‘आज आले त्यांना सांगितलं,’ ते म्हणाले. ‘पण एवढी पोरं शिकवली मी. त्यातली काही लांब गेली असतील, तुझ्यासारखी. मोठमोठ्या माणसांसमोर बोलली असतील.’ मग मूर्तीभोवतीची शाल सारखी करत, ‘त्यांना पण हसले असतील ना गो?’

मी खिडकीबाहेर बघत राहिले. एवढं इंग्रजी शिकून आले होते मी, पण मराठीत साधं ‘नाही’ मला म्हणता आलं नाही.