हनीफची पिपेट

भद्रकालीच्या मागच्या बोळात रहेमान रंगरेजाचं घर कुणाला विचारावं लागत नसे. दारासमोरचं गटार आज ज्या रंगाचं, त्या रंगात आत कापडं रंगत आहेत असं खुशाल समजावं. त्या घरातला हनीफ मॅट्रिक झाला आणि १९३४ साली कॉलेजात गेला, तो त्या बोळातला पहिलाच. मुलानं कचेरीत कारकून व्हावं, कोरड्या हातांनी घरी यावं, एवढीच बापाची अपेक्षा. त्या बिचाऱ्याच्या मनासारखं झालं असतं तर बरं झालं असतं, असं राहून राहून वाटतं.

पण हनीफला गाठलं रसायनशास्त्राच्या प्रोफेसर गायधनींनी. पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात त्याची निळी नखं पाहून त्यांनी हटकलं.

"नीळ आहे, सर. अब्बा रंगारी आहेत."

"पिंपातली नीळ तयार झाली हे कसं ओळखता रे तुम्ही?"

"अब्बा जिभेवर घेऊन सांगतात. मलाही येतं."

बाजूची मुलं फिदीफिदी हसली. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं, पाण्यासारख्या दिसणाऱ्या दोन द्रावणांत एकाच बाटलीतला एकेक थेंब टाकून दाखवला. एक तसंच राहिलं, दुसरं गुलाबी झालं. हनीफ म्हणाला, "हळदीला साबण लागला की असंच होतं." सर खूश झाले. "तू घरी जे करतोस त्याला रसायनशास्त्र म्हणतात, गाढवा! कारकुनी कसली करतोस? इंटर सायन्स हो, मुंबईला जा, बी.एस्सी. कर. रंगांच्या कारखान्यांत शास्त्रज्ञ असतात, ठाऊक आहे?" हनीफला ठाऊक नव्हतं. असं काही होता येतं हेच त्याला त्या दिवशी कळलं, आणि दुसरं काही व्हावंसं त्याला पुन्हा कधी वाटलं नाही.

आता पिपेट. मध्ये फुगीर अशी ही काचेची लांब नळी. एक टोक द्रावणात बुडवायचं, दुसरं तोंडात धरून खुणेपर्यंत ओढायचं, म्हणजे माप अचूक येतं. वर्गात मुलं चौदा, पिपेटी सहा. हनीफनं तोंड लावलेली पिपेट आपल्या मुलांनी तोंडात घ्यायची का, असं विचारत दोन पालक कोट-टोपी चढवून कॉलेजात हजर झाले. बाकीची मुलं एकमेकांच्या पिपेटी मजेत चोखत होती, तेव्हा या मंडळींना उष्टं-खरकटं आठवलं नव्हतं.

गायधनी सर भांडणारे नव्हते, तोडगा काढणारे होते. टोक फुटलेली एक पिपेट अडगळीत पडली होती. ती ज्योतीवर तापवून, ओढून त्यांनी नवं टोक काढलं आणि हनीफला दिली. प्रयोगशाळेचा हमाल गोटीराम ती खिडकीत वेगळी ठेवू लागला. मुलगाही टिकला, पालकही टिकले, म्हणून सर खूश. आणि सरांनी आपल्यासाठी स्वतःच्या हातांनी पिपेट केली म्हणून हनीफही खूश. हे सांगताना जीव तुटतो.

नवं टोक काढताना ती पिपेट आखूड झाली होती. खूण मात्र जुन्याच जागी. तिच्यातून दर वेळी जरासं कमी द्रावण पडे. हनीफनं महिनाभरात ते हेरलं आणि सरांना सांगितलं. सर म्हणाले, "शाबास! मग जेवढं कमी येतं तेवढं मिळवून लिहीत जा." दोन वर्षं तो तसंच लिहीत आला, आणि त्याचं उत्तर वर्गात सगळ्यांत बिनचूक येई. सरांनी मुंबईच्या मित्राला पत्रही टाकलं, की असा हात मी पाहिला नाही, याला तुमच्याकडे घ्या. हनीफची आई खातूनबी हिनं मुंबईसाठी गोधडी शिवायला घेतली.

छत्तीस सालच्या मार्चात इंटरची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक टेबलाटेबलावरून फिरत हनीफपाशी थांबले. त्यांनी समोरच्या ब्युरेटवरचा, म्हणजे मापाच्या उभ्या काचनळीवरचा, आकडा पाहिला, मग वही पाहिली.

"इथे चोवीस पूर्णांक एक, वहीत चोवीस पूर्णांक चार. हे तीन दशांश कुठून आले?"

"मी मिळवले, सर. माझी पिपेट आखूड आहे."

"तुझी पिपेट? कॉलेजची नाही?"

हनीफनं सरांकडे पाहिलं. ती ज्यांनी दिली त्यांनीच सांगणं बरं, असं त्याला वाटलं. सरांनी एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्यानंतर, एकाच मुलाला वेगळी पिपेट का, हा प्रश्न आला असता. कॉलेजात बी.एस्सी.चा वर्ग काढायची परवानगी त्याच महिन्यात मिळायची होती, आणि परीक्षकांच्या शब्दाला युनिव्हर्सिटीत वजन होतं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"आमच्या प्रयोगशाळेत सदोष उपकरण नाही," ते म्हणाले.

परीक्षकांनी वहीवर तांबडी रेघ मारली. हनीफ नापास झाला. बोळात मात्र बातमी आली ती अशी, की रहेमानच्या पोरानं परीक्षेत लबाडी केली.

"केलीस का?" बापानं विचारलं.

"नाही, अब्बा."

"मग तुझे सर गप का बसले?"

चूक सरांची आहे हे हनीफला समजत होतं, पण सरांवर रागावणं त्याला जमेना. सर एकदा येऊन बोलतील, या आशेवर त्यानं दोन महिने काढले.

जूनमध्ये सर खरंच आले. धोतराचा सोगा सावरत दारात उभे राहिले. "हनीफ, मी त्या दिवशी कच खाल्ली. मला झोप लागत नाही. तू पुन्हा बस. या खेपेला मी काही कमी पडू देणार नाही."

हनीफनं लगबगीनं हात पुसले. सरांनी कोटातून कागदात गुंडाळलेली एक लांब वस्तू जपून काढली आणि त्याच्या हातात ठेवली. कोरी करकरीत पिपेट होती.

"जर्मन आहे. मुंबईहून मागवली. केसाचाही फरक नाही. आता तुला इतरांच्या पिपेटींना हात लावायचं कारणच नाही!"

सरांचा चेहरा अगदी समाधानी होता. हनीफनं आदाब केला, पिपेट ठेवून घेतली आणि कॉलेजात परत कधी पाऊल टाकलं नाही. पुढे त्याचा विषय निघाला की गायधनी सर हळहळत. पोराच्या हातात जादू होती, म्हणत, पण चिकाटी नव्हती.