नाना आणि रुईचं तूस

आमच्या खानदेशात श्वास सगळेच घेतात, पण श्वासावर इतकं बारीक लक्ष ठेवून जगलेला माणूस मी एकच पाहिला, माझे चुलत सासरे. सगळे त्यांना नाना म्हणत. जळगावला जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते जन्मभर राबले. तिथल्या तुसाने, म्हणजे हवेत उडणाऱ्या रुईच्या बारीक धुळीने, त्यांना दमा लावला आणि दम्याने त्यांना डॉक्टर केलं. शाळा त्यांची माझ्यासारखीच बेताची, पण दम्यावर ते असे बोलत, की खरे डॉक्टरसुद्धा घड्याळ बघू लागत.

लग्नाच्या पंगतीत नाना शेजारच्याला नाव विचारत नसत. "तुना बापले दमा व्हता का?" हेच आधी. नव्हता म्हटलं की आजोबांकडे वळत, मग मामांकडे. तोवर त्या बिचाऱ्याचं जेवण गार होई. मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी सुईत दोरा ओवायला सांगितला, पण नानांनी मला चुलीपुढे बसवून फुंकणी हातात दिली. तुरकाठ्या ओल्या होत्या. मी लाजेने डोळे मिटून फुंकत राहिले. जाळ भडकला, राख सासूबाईंच्या पोह्यांत गेली आणि नाना मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोर पास! भाता मजबूत शे!"

नानांच्या वडिलांना दमा होता. थोरले भाऊ, म्हणजे माझे सासरे, त्याच बापाचे, पण ते सोनगीरला शेतात राहिले, त्यांना साधी धाप नाही. "रगतमा तो जपेल ऱ्हास," नाना सांगत, म्हणजे दमा रक्तात झोपलेला असतो, "अन् तूस तेले उठाडस." शेजारची अक्का टोमणा मारायची, "येनामुळेच लगीन करं नही का, नाना?" नाना तेव्हा नेमके खोकत. तो खोकला खरा होता की उत्तर टाळायचा, ते मला कधी कळलं नाही.

त्यांच्या हिशेबाने तो झोपलेला दमा आमच्या यजमानांच्याही रक्तात होता, आणि यजमानांना जीनमध्ये चिकटवलं होतं खुद्द नानांनीच. आम्हाला मुलगी झाल्यावर ही गोष्ट त्यांना आतून खायला लागली. आमचं घर जीनच्या भिंतीला लागून. नाना पोरीला बघायला येत, पण उंबऱ्याबाहेर थांबत, कपड्यांना तूस आहे म्हणून. एकदा ती रांगत त्यांच्याकडे निघाली, तर ते मागे मागे सरत ओट्यावरून थेट गटारीत बसले. सारी गल्ली हसली. मीही हसले. नाना हसले नाहीत.

ती चार वर्षांची झाली, दिवाळीनंतर जीन सुरू झालं आणि तिची छाती वाजू लागली. डॉक्टरांनी विचारलं, "घराण्यात कुणाला आहे? आणि राहता कुठे?" नाना दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. आयुष्यभर हेच सांगत आलेला माणूस, पण त्या दिवशी तिथूनच पायऱ्या उतरून गेला. आठ दिवसांत त्यांनी धुळ्याच्या एका मारवाडी शेठच्या भांड्यांच्या दुकानात यजमानांसाठी काम शोधलं. पितळेला तूस नसतं, म्हणाले. सामान स्वतः धापा टाकत टांग्यात चढवलं. "तुम्ही पण चला ना," यजमान म्हणाले. "मी उनू तर तूस बी उनं," मी आलो की तूसही आलं, असं म्हणून नाना लांब जाऊन उभे राहिले.

धुळ्यात पोरीची छाती हळूहळू शांत झाली. उन्हाळ्यात, जीन बंद असताना, नाना एकदाच आले. नवं धोतर, नवा सदरा, तरी आल्याआल्या आमच्या मोरीत पुन्हा आंघोळ. मग त्यांनी पोरीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं, तिच्या पाठीला कान लावला आणि डोळे मिटून बसून राहिले. पोर कंटाळली. "आबा, काय ऐकू येतं?"

"काहीज नही, माय," नाना म्हणाले. "काहीज नही." चेहरा मात्र भजन ऐकत असल्यासारखा.

दुपारच्या गाडीने ते परत निघाले. आमच्यात सून चुलत सासऱ्याशी समोरून बोलत नाही, काही सांगायचं तर पोरीच्या तोंडून सांगते. पोर खेळायला पळाली होती, यजमान दुकानात होते. मी पदर ओढून दाराआड उभी राहिले. "राहा" एवढंच म्हणायचं होतं. नाना चपला घालून जरा घुटमळले, कुणी काही म्हणेल असं त्यांना वाटलं असावं. मग उन्हात चालू लागले. त्यांच्या छातीची शीळ गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होती. ती ऐकू येईनाशी झाली, तरी मी दार लावलं नाही.