बंद डब्यातली खिरापत

आईला पुण्यात गमत नव्हतं. इथले लोक करमत नाही म्हणतात, आमच्या अमरावतीकडे गमत नाही म्हणतात. ती हे दिवसातून इतक्यांदा म्हणायची की मला हडपसरच्या त्या फ्लॅटच्या भिंतींचाही राग यायला लागला होता. बाबा उन्हाळ्यात गेले होते. गावच्या घरी ती एकटी, त्यात रक्तदाब, आणि मी इथे आयटी पार्कात नुकतीच लागलेली. तिने कायमचं माझ्याकडे राहावं, एवढं एकच मला हवं होतं. तिने मात्र कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसाचं ट्रॅव्हल्सचं तिकीट शेजारच्या बाईंकडून काढून घेतलं होतं, मला न विचारता.

माझंही काही धड चाललं नव्हतं. ऑफिसात बसले की आई गॅलरीतून दारापर्यंत आणि दारातून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारताना दिसायची. घरी आले की क्लायंटचे मेल डोळ्यांपुढे नाचायचे. जिथे असेन तिथे मी नसायचेच.

एका संध्याकाळी घरी आले, तर हॉलमध्ये टीव्हीशेजारी ज्वारीचे धांडे, म्हणजे ताटं, बांधून मखर उभं केलेलं. सोसायटीच्या भिंतीपलीकडे तेव्हा थोडी शेती उरली होती, तिथून तिने ते मागून आणले होते. मखरात कुंडीतल्या मातीच्या भुलाबाई आणि भुलोजी. आमच्याकडे भुलाबाई, म्हणजे पार्वती, महिनाभर माहेरी येते, पोरीबाळी रोज तिची गाणी म्हणतात आणि कोजागिरीला तिची पाठवणी करतात. गाणी झाली की खिरापत. ती असते बंद डब्यात. डबा वाजवून दाखवायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. घरच्या मुलीला ते माहीत असतं, पण तिने तोंड उघडायचं नाही. लहानपणी ते गुपित सांभाळताना मी ओठ दातांखाली धरून बसायचे.

मला वाटलं, हाच धागा पकडावा. सोसायटीत कोजागिरीचं दूध गच्चीवर होणारच होतं. त्याआधी आईची भुलाबाई करायची, चार बायकांशी तिची गट्टी जमवून द्यायची आणि तिकीट रद्द करायचं, असा माझा बेत होता. ऑफिसातले सगळे बेत करायचे तसाच केला, म्हणजे कागदावर उत्तम.

कोजागिरीच्या दिवशी चार वाजता येते म्हणून सांगून गेले आणि मीटिंग संपता संपेना. गच्चीवर पोचले तेव्हा चंद्र चांगला वर आला होता. गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही राहिलं होतं. मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं, त्यात कुणीतरी तयार मसाल्याचं पाकीट ओतत होतं. आई जायफळ उगाळून आणलेली वाटी हातात धरून बाजूला बसली होती. ती वाटी कुणी मागितलीच नव्हती. गाणी उरकली होती. ती एकटी म्हणत होती आणि बाकीच्या टाळ्या वाजवत होत्या, असं नंतर कळलं.

मग तिने डबा काढला आणि वाजवला. आतून धड आवाजच येईना.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "अहो, हा डबा मौनात आहे. आपण काय ओळखणार?"

वरच्या फ्लॅटमधली, माझ्याच वयाची एक मुलगी म्हणाली, "आंटी, एक हिंट तो दो."

"मी नाई सांगत. हे घरची पोरगी हाये, तिले इचारा," आई म्हणाली.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मला काहीच माहीत नव्हतं. चार वाजल्यापासून ती मला सांगायला थांबली असणार, हे तेव्हा लक्षात आलं. पण मला माहीत नाही, हे माझ्या तोंडून निघेना. कोजागिरी आहे, म्हणजे गोडच असणार, असा हिशेब करून मी म्हटलं, "गोड आहे."

आईचा डब्यावरचा हात थांबला.

मग लाडू, बर्फी, शंकरपाळे, शिरा, सगळं झालं. आई प्रत्येकीला नाही म्हणत गेली. शेवटी त्या शिक्षिका म्हणाल्या, "बरं, हरलो आम्ही. उघडा आता."

"आज नाई उघडत. उद्या या, मंग दाखवतो."

"उद्या? अहो, कोजागिरी आज आहे."

"थांबते भुलाबाई एक दिवस," आई म्हणाली आणि डबा पदराखाली घेतला.

तिथी चुकवणं तिला ठाऊक नव्हतं. माझ्यासाठी तिने तीही चुकवली.

घरी येऊन तिने डबा उघडला. बरबटीच्या घुगऱ्या होत्या; पुण्यात बरबटीला चवळी म्हणतात. लसूण, जिरं, वर ओलं खोबरं, झणझणीत तिखट. लहानपणी दर भुलाबाईला मी याच मागायचे. मला रडू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही डब्यातूनच खाल्लं. दुधावर तिखट खाऊ नये, असं ती म्हणाली आणि खात राहिली.

"आई, तुझं तिकीट उद्याचं आहे."

"परवाचं करून आन. दिवसभर कंपुटरपुढं बसते, येवढं तं जमन तुले."

"आणि काढलंच नाही तर?"

"परवाचं म्हटलं मी. अन् आयक, उद्या नारळाच्या करंज्या करतो. गोड. आता तुले माहीत हाये. कोनापाशी बोलू नोको."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. साहेबांचा चेहरा फोनवरूनही दिसला. दिवसभर करंज्या भरल्या, मुरड घातली, दोन फुटल्या त्या खाल्ल्या. संध्याकाळी बायका आल्या, वरच्या मुलीने डबा माझ्या कानाशी खुळखुळवला आणि म्हणाली, "सांग ना." आई समोरून बघत होती. मी तोंड उघडलं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती निघालीच. ट्रॅव्हल्सच्या दाराशी तिने पिशवीतून एक बंद डबा काढून माझ्या हातात दिला.

"ओळख."

मी हलवला, कानाला लावला, पुन्हा हलवला. मागे क्लीनर ओरडत होता.

"आई, मला नाही माहीत," मी म्हटलं.

तिने डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि परत पिशवीत ठेवला.

"मंग दिवाळीत येतो, तवा सांगतो," ती म्हणाली आणि गाडीत चढली.